वाकळ आणि पदवी

(द्वितीय वर्ष, कला)

वस्तू दुकानाच्या काचेआड मांडली की ती कला होते आणि तीच घराच्या वलणीवर पडली की चिंधी होते, असा एक अलिखित कायदा आपल्या समाजात चालत आलेला दिसतो. शहरांतील दुकानांतून जुन्या साड्यांच्या गोधड्या आज चांगल्या किमतीला विकल्या जातात आणि त्यांवर ‘हाताने शिवलेली’ अशी चिठ्ठी अभिमानाने लावलेली असते. आमच्या गावाकडे मात्र पाहुणे येणार म्हटले की आधी वाकळा आत टाकल्या जातात आणि शेजारचे उसने का होईना, पण दुकानचे ब्लँकेट पुढे केले जाते. वस्तू एक, टाका तोच, शिवणारीचा हातही तसाच. मग मान आणि लाज यांची ही वाटणी केली कोणी? प्रस्तुत लेखात मला हाच प्रश्न मांडायचा आहे. घरात दहा वर्षे अर्धवट पडून राहिलेली एक वाकळ मी २०२५ च्या उन्हाळ्यात पुरी केली. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडासा अधिकार मला पोचतो असे मी समजते.

‘गोधडी’ हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. आम्ही माणदेशी माणसे तिला ‘वाकळ’ म्हणतो. संस्कृतात ‘कंथा’ म्हणजे ठिगळांचे वस्त्र, आणि बंगालमध्ये आजही जुन्या साड्यांच्या अशा पांघरुणांना ‘कांथा’ म्हणतात. बिहारात ‘सुजनी’ आहे, तर कर्नाटकात ‘कौदी’. म्हणजे थंडी आणि गरिबी जिथे जिथे एकत्र नांदली, तिथे तिथे बायकांनी हीच युक्ती शोधून काढली. आपल्या महाराष्ट्रात तर या वस्तूला संतपणाचाही स्पर्श झालेला आहे. १८७६ ते १९५६ या काळात होऊन गेलेले संत गाडगे महाराज अंगावर ठिगळांचे वस्त्र आणि हातात खराटा व गाडगे घेऊन गावोगाव हिंडले. लोकांनी त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा अशीही नावे दिली होती. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि ते योग्यच आहे. परंतु गोधडी पांघरणाऱ्या महापुरुषाचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर आणि गोधडी शिवणारी बाई मात्र कमानीबाहेर, ही गोष्ट कोणाला खटकत नाही का?

ज्यांनी वाकळ फक्त पांघरली आहे त्यांच्यासाठी ती कशी होते हे थोडक्यात सांगते. आधी जमीन झाडून, सारवून वाळवावी लागते, कारण एवढे मोठे कापड अंथरायला दुसरी जागा नसते. खाली आस्तराचे लुगडे ताणून पसरायचे. त्यावर भर घालायची, म्हणजे फाटकी धोतरे, सदरे, परकर, पोरांचे शाळेचे गणवेश यांचे चांगले राहिलेले तुकडे, कुठे जाड कुठे पातळ होणार नाही अशा बेताने मांडायचे. वरून पुन्हा एक धडके लुगडे. मग लांब लांब टाक्यांनी सारे टाचून घ्यायचे आणि कडा आत मुडपून काठापासून शिवायला लागायचे. आमच्याकडे शिवण काठाकडून मध्याकडे फेऱ्याफेऱ्यांनी जाते. दोन ओळींत बोटभर अंतर. डावा हात कापडाखाली ठेवून सुईचे टोक बोटाला लागले की टाका खालपर्यंत पोचला असे समजायचे. त्या बोटाला काय होत असेल हे सांगायला नकोच! टाके दाट असले की धुताना आतली भर सरकत नाही, आणि थरांमध्ये हवा कोंडून राहते म्हणून ऊब टिकते. शास्त्राचे पुस्तक न वाचताही हे आमच्या आज्ज्यांना ठाऊक होते.

शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. पीक घरात आलेले असते आणि पाऊस यायचा असतो. धुण्याचा हंगाम घट बसण्याआधीचा. तेव्हा ओढ्याच्या कडेला साऱ्या गावाच्या वाकळा वाळत पडतात आणि कोणाच्या घरात किती माणसे, कोणाकडे यंदा बाळंतपण झाले, हे नुसत्या नजरेने कळते. कापडाचा प्रवासही पाहण्यासारखा असतो. नवे लुगडे सणाला, मग रोजचे, मग रानात नेसायचे. फाटले की वाकळीत. वाकळही विरली की तिचे बाळोते, मग पोतेरे, आणि शेवटी चूल पेटवायला बोळा. काटकसरीवर मोठमोठी व्याख्याने आपण ऐकतो. पण कापडाचा धागा न् धागा वसूल करणारी ही रीत कोणत्याही व्याख्यानाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

आता मी पुरी केलेल्या वाकळीविषयी. ती आमच्या आज्जीने २०१५ च्या उन्हाळ्यात अंथरली. काठाच्या फेऱ्या झाल्या आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सुईत दोरा ओवेना, तेव्हा टाचलेली वाकळ गुंडाळून माळ्यावर गेली. २०१७ साली आज्जीही गेली. २०२० च्या टाळेबंदीत परराज्यात गलाईच्या दुकानात काम करणारे माझे वडील घरी परतले. पगार थांबला. त्या दिवसांत आईने गाठोडे खाली काढले, पण चार दिवसांतच पुन्हा बांधून ठेवले, कारण तिला दुसऱ्यांच्या रानात खुरपणीला जावे लागले. एखादे काम आपण ‘पडून राहिले’ असे म्हणतो तेव्हा त्यात आळसाचा वास येतो. पण गरिबाच्या घरात जे काम पडून राहते ते बहुधा दुसऱ्या अधिक निकडीच्या कामाने मागे ढकललेले असते, हे येथे नमूद करावेसे वाटते.

द्वितीय वर्षाच्या सुट्टीत मी ते गाठोडे सोडले तेव्हा आईला आनंद होईल असे मला वाटले होते. ती रागावली. म्हणाली, “शाळा शिकलीस ती टाकं घालायला व्हय? आमच्या हाताला घट्टं पडली, तुझ्या हाताला पडू न्हाईत म्हणून कालिजात घातली. ठिव ते गाठुडं.” मी म्हणाले, “आई, आज्जीचं आहे ते. अर्धं राहिलंय.” त्यावर ती एवढेच बोलली, “अर्धं लई काय काय ऱ्हायलंय. तू तुजं पुरं कर.”

आईच्या या बोलण्याचा मी पुष्कळ विचार केला, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्यासारखे अनेक विद्यार्थी याच वर्गांत बसतात. आमच्या आईवडिलांनी आम्हांला शिकायला घातले ते त्यांच्यासारखे जिणे आमच्या वाट्याला येऊ नये म्हणून. ही इच्छा रास्त आहे आणि तिचा अनादर करण्याचा अधिकार मला नाही. ज्या बाईला वाकळीवाचून दुसरे पांघरूणच मिळाले नाही तिला वाकळीचे कौतुक सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे पुण्य सांगण्यासारखे आहे. म्हणूनच ‘जुने ते सोने’ म्हणून गहिवरणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. जुन्यात सोने होते तशी उपासमारही होती.

तथापि शिक्षणाचा अर्थ हाताचे काम सोडणे एवढाच झाला, तर त्या शिक्षणाने आपल्याला काय शिकवले? दारिद्र्याचा तिरस्कार करावा, त्यात गैर नाही. पण दारिद्र्याचा तिरस्कार करता करता दरिद्री माणसाच्या कसबाचाही तिरस्कार करायला आपण केव्हा शिकतो, हे आपल्यालाच कळत नाही. वसतिगृहात पहिल्या रात्री गाद्या पसरल्या जातात तेव्हा पांघरुणावरून कोण कुठला हे ओळखता येते. ज्यांच्या वळकटीत वाकळ असते त्या मुली दिवाळीच्या सुट्टीनंतर बाजारचे ब्लँकेट घेऊन येतात. वाकळ उबेला कमी पडली म्हणून नव्हे. कोणी त्यांना काही बोललेलेही नसते. न बोलताच हा धडा शिकवला जातो आणि सर्व विषयांपेक्षा तो अधिक पाठ होतो.

मला अर्थशास्त्राची आवड आहे म्हणून मी या कामाचा हिशोब मांडून पाहिला. आमची वाकळ लांबीला १८० सेंटिमीटर आणि रुंदीला १३५ सेंटिमीटर आहे. दोन ओळींमधले अंतर दोन सेंटिमीटर धरले तर एकूण शिवण सुमारे १२० मीटर भरते. सेंटिमीटरला एक टाका या मानाने साऱ्या वाकळीत सुमारे १२,००० टाके होतात. मी घड्याळ लावून मोजले तेव्हा माझ्या हातून तासाला ३०० टाके पडले. म्हणजे एका वाकळीला नुसत्या शिवणाचे ४० तास. त्यांतले तिसरा हिस्सा टाके आज्जीचे आणि बाकीचे सुमारे ८,००० माझे. त्यासाठी मला मे महिन्यात थोडे थोडे करून २७ तास लागले. कापड धुणे, फाडणे, मांडणे, टाचणे हे आज्जीने आधीच केलेले होते, ते या हिशोबात धरलेले नाही.

आमच्या बाजारपेठेत वाकळी शिवून देणाऱ्या एका बाईंना मी मजुरी विचारली. कापड आपले, तर सातशे रुपये, असे त्या म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या दुपटीने चालतो असे धरले तरी वाकळीला २० तास लागणार. म्हणजे तासाला ३५ रुपये आणि आठ तासांच्या दिवसाला २८० रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे जन्मभर शिकलेल्या कुशल कामाची किंमत सरकारी दृष्टीने ‘अकुशल’ असलेल्या कामापेक्षाही कमी! आणि ही तर बाजारात बसलेल्या बाईची गोष्ट. घरात शिवणाऱ्या बाईला काय मिळते, हे विचारायलाच नको.

या संदर्भात आज्जीची एक आठवण सांगते. १९७२ च्या दुष्काळात ती नवी सून होती. ती दिवसभर खडी फोडायला जाई. त्या कामाला मस्टर होते. हजेरी लागे, अंगठा उठे, आठवड्याला पगार आणि मिलो मिळे. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि मागेल त्याला काम हे तत्त्व मान्य केले, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण तेच हात रात्री चिमणीच्या उजेडात वाकळ शिवत, त्या कामाचे मस्टर कोणी भरले नाही. २०१९ साली केंद्र सरकारने देशात लोकांच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षांवरील शंभरांतल्या ८१ स्त्रिया बिनपगारी घरकाम करतात आणि रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात. पुरुषांचे प्रमाण शंभरांत २६, आणि त्यांची मिनिटे ९७. पाच तास घरकाम करायचे, रानातली मजुरी करायची, आणि हे सारे उरकल्यावर जो ‘फावला’ वेळ उरतो त्यात वाकळ शिवायची. अशा वेळेला फावला वेळ म्हणणारा माणूस नक्कीच पुरुष असला पाहिजे!

पुरुषांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. माझा धाकटा भाऊ दहावीला आहे. माझ्यासमोर बसून त्यानेही दोन फेऱ्या शिवल्या. शेजारच्या बायका हसल्या, त्याचे मित्र तर खो खो हसले. पण गावातला शिंपी दिवसभर सुईदोरा हाताळतो तेव्हा कोणी हसत नाही. संत नामदेव शिंप्याच्या कुळातले, हे आपण भक्तिभावाने सांगतो. मग हसू कशाचे? दुकानात पैसा मिळतो म्हणून तिथली सुई पुरुषाची, आणि घरात मिळत नाही म्हणून इथली बाईची. सुईला बाई-पुरुष कळत नाही, ते पैशाला कळते.

बाहेरच्या जगात काय झाले आहे हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे एक खेडे आहे. तेथे गुलामांच्या वंशजांची वस्ती. कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या या कृष्णवर्णीय बायका फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आणि त्या पांघरून थंडी काढत. १९६६ साली नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात त्या भागातील बायकांनी गोधड्या विकण्यासाठी स्वतःची सहकारी संस्था काढली. २००२ साली त्यांच्या गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भरले आणि २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली. आपल्याकडे बिहारच्या सुजनीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या बायकांच्या ‘कवंद’ गोधड्याही आज दूरवर जातात. हे वाचून मला आनंद झाला, आणि थोडा विषादही वाटला. संग्रहालयाच्या भिंतीवर चढेपर्यंत या वस्तूकडे कोणी पाहिले नाही. आणि ज्या लाखो वाकळी कोणत्याच भिंतीवर चढणार नाहीत, त्यांचे काय? मानासाठी आधी न्यूयॉर्कला जाऊन यावे लागते काय?

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, बाजारात स्वस्त ब्लँकेटे मिळत असताना हा खटाटोप कशाला? हा आक्षेप व्यवहाराला धरून आहे. शिवाय आता सुती लुगडीच राहिली नाहीत. सिंथेटिक साडीची वाकळ गुळगुळीत, घाम न टिपणारी आणि अंगावरून घसरणारी. आमच्याच वाकळीत वरचा थर आज्जीच्या सुती लुगड्याचा आणि आतली भर आईच्या सिंथेटिक साड्यांची आहे. तीस-चाळीस वर्षांत घरातले कापड कसे बदलले ते उसवून न पाहताही हाताला कळते. तेव्हा साऱ्यांनी वाकळीच शिवाव्यात असा माझा आग्रह मुळीच नाही. ज्याला ब्लँकेट परवडते त्याने ते जरूर घ्यावे. माझे म्हणणे एवढेच की, वाकळ उद्या बंद झाली तरी तिच्यातले ज्ञान ज्ञान म्हणून नोंदले जावे.

दुसरा आक्षेप असा की, हे काम बायकांवर लादलेले होते, त्याचा गौरव करणे म्हणजे त्यांची बेडी सोन्याने मढवणे. या आक्षेपापुढे मी नम्र आहे. मला स्वतःला सुई हातात घेता आली ती ठेवून देण्याची मोकळीक होती म्हणून. आज्जीला ती नव्हती. हा फरक लहान नाही. पण बेडी तोडायची म्हणजे बेडी वागवणाऱ्या हाताचे कसबही नाकारायचे, हे मला पटत नाही. उलट त्या हाताला काय काय येत होते हे समजल्यावाचून त्याच्यावर किती अन्याय झाला याचे मापच आपल्याला कळणार नाही.

म्हणून सरतेशेवटी महाविद्यालयापुढे तीन सूचना ठेवते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी एखाद्या गावी जातो, रस्ता दुरुस्त करतो आणि गावकऱ्यांना स्वच्छतेवर भाषण देतो. एका शिबिरात एक दिवस भाषण न देता ऐकण्याचा ठेवावा. गावातल्या बायकांकडून शिवणाचे, कापडाचे, टाक्यांचे शब्द मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावेत. वाकळीसंबंधीचे कितीतरी शब्द म्हाताऱ्या बायकांच्या तोंडीच राहिले आहेत, त्या गेल्या की तेही जातील. दुसरे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कारागिरांना शिकवण्यासाठी बोलवावे असे म्हटले आहे. तर एखाद्या वाकळ शिवणाऱ्या बाईंना सन्मानाने वर्गात बोलवावे, खुर्ची द्यावी आणि बाहेरच्या व्याख्यात्याला जे मानधन देतो तेच त्यांनाही द्यावे. शाल-श्रीफळावर भागवू नये. तिसरे, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातल्या एका स्त्रीच्या एका दिवसाचा तासांचा हिशोब मांडून आणावा. त्यासाठी ग्रंथालयात जावे लागणार नाही. स्वयंपाकघरात घड्याळ घेऊन बसले म्हणजे पुरे.

वाकळ पुरी झाली तेव्हा आईने ती उलटसुलट करून पाहिली. आज्जीचा हात कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो हे तिने बोट ठेवून दाखवले. आज्जीचे टाके दाट आहेत, माझे विरळ. कौतुकाचा शब्द तिने काढला नाही. “पुढल्या खेपंला दोरा जाड घे,” एवढेच म्हणाली. तिचे पूर्वीचे म्हणणे तिने मागे घेतलेले नाही, आणि मीही घ्यायला लावणार नाही. मी पदवी घ्यावी हा तिचा हट्ट आहे आणि तो मी पुरवणार आहे.

परंतु ती पदवी घेताना आम्ही कोऱ्या पाटीने येथे आलो असे कोणी समजू नये, आणि आम्हीही समजू नये. ज्या घरांत पुस्तक नव्हते त्या घरांत विद्या नव्हती असे नाही. ती कापडावर लिहिलेली होती, मातीत आणि चुलीपुढे लिहिलेली होती. ती वाचायला शिकणे हाही उच्च शिक्षणाचा भाग आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींनी आणि गुरुजनांनी यावर विचार करावा, एवढीच विनंती.